पिशवीत काय काय असायचे?

डॉ. आनंदीबाई जोशी यांनी 1886 मध्ये अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळविली आणि 1887 मध्ये, अवघ्या एकविसाव्या वर्षी, त्या गेल्या. तरीही आज आपण त्यांना ओळखतो, कारण त्यांची पत्रे राहिली आणि काशीबाई कानिटकरांनी त्यांचे चरित्र लिहिले. डॉ. रखमाबाईंनीही 1885 मध्ये टोपणनावाने वृत्तपत्रात पत्रे लिहिली होती. पण ज्यांनी काहीच लिहून ठेवले नाही, त्यांचे काय? त्यांच्याकडे जाऊन विचारावे लागते आणि ऐकलेले जपून ठेवावे लागते. यालाच मौखिक इतिहास म्हणतात.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. 1972 च्या दुष्काळात आमच्या गावी पहिल्या नर्सबाई आल्या. त्यांची परवानगी घेऊन मी मोबाईलवर ध्वनिमुद्रण सुरू केले आणि विचारले, "आपल्या कार्यामागील प्रेरणा कोणती?"

"प्रेरणा कसली पोरी, नोकरी होती," एवढे बोलून बाई गप्प झाल्या.

मग मी विचारले, "पिशवीत काय काय असायचे?" आणि बाई तासभर बोलल्या. कात्री, दोरा, ब्लेड, ते उकळायचे भांडे, बॅटरी. सेल संपले की कंदील. पहिला धडा मिळाला : मोठा प्रश्न नको, हातातली वस्तू विचारावी.

दुसरा धडा : सन विचारू नये, खूण विचारावी. बाई म्हणाल्या, "तुझी आई पोळ्याच्या रात्री झाली. त्या दिवशी बैल जुंपत नाहीत, म्हणून गाडी मिळाली नाही. कमरेइतक्या पाण्यातून ओढा ओलांडून मी चालत आले."

मी चमकले. आईच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख 1 जून आहे. पोळा तर श्रावण अमावास्येला येतो! आजीला वेगळे विचारले, तर तीही पोळाच म्हणाली.

तिसरा धडा पडताळ्याचा. आठवणही चुकते आणि कागदही चुकतो. म्हणून दोन्ही शेजारी ठेवावेत. परतूर तालुका 1 मे 1981 पर्यंत परभणी जिल्ह्यात होता, हे जुन्या नोंदी शोधताना लक्षात ठेवावे.

हे सारे आईला सांगितले. भाकरी थापता थापता तिचा हात थांबला. म्हणाली, "बाईंचा आवाज आहे का त्यात? लाव बरं."

मित्रमैत्रिणींनो, आपापल्या गावातही अशा बाई असतील. त्या आहेत तोवरच जाऊन विचारू या.