निकडीपुरती उर्दू

आमचे घाटनांदूर अंबाजोगाई तालुक्यातले, आणि निजामाच्या अमदानीत या तालुक्याचे नाव मोमिनाबाद व दरबारची भाषा उर्दू असल्यामुळे, घरोघरच्या पेट्यांतून जमिनीचे जे जुने कागद आढळतात त्यांतील पुष्कळसे उर्दूत आहेत. तरुणपणी आमच्या शेताच्या वहिवाटीचा तंटा उभा राहिला, तेव्हा असाच एक फसली सनाचा दस्त स्वतः वाचता यावा, या निकडीने मी संस्थानी काळात तालुका कचेरीत कारकुनी केलेल्या एका वृद्ध गृहस्थांपाशी उर्दू शिकू लागलो.

निकडीने आरंभी मोठे बळ दिले. छापील पुस्तकात एकाच नौकाकृती वळणाखाली एक नुक्ता असला तर ब, तीन असले तर प, वर दोन असले तर त, हे लवकर साधले. परंतु कचेरीच्या घाईतल्या शिकस्ता लिपीत हे नुक्ते लिहिणाराच्या मर्जीप्रमाणे गळालेले असत, त्यामुळे एकेका नावापाशी सारी संध्याकाळ खर्ची पडे, आणि तरीही कंटाळा म्हणून येत नसे. पुढे तंट्यात तडजोड झाली, दस्त पुन्हा पेटीत गेला, आणि ज्या उत्साहाला मी ज्ञानाची तहान समजत होतो तो त्या दस्ताबरोबरच मिटला.

गुरुजींनी बोल लावला नाही. त्यांनी सिराज औरंगाबादींचा दिवाण पुढ्यात ठेवला आणि एका बैठकीस एकच शेर, अशी शिस्त घातली. अठराव्या शतकात आपल्याच मराठवाड्यात असे काव्य लिहिले गेले, याचा जो विस्मय वाटला, त्याला कोणत्याही फैसल्याची मुदत नव्हती. अशा गरजेपलीकडच्या ओढीचे उदाहरण म्हणून मला इतिहाससंशोधक सेतुमाधवराव पगडी आठवतात; निलंग्यात जन्मलेल्या पगडींनी हैदराबाद संस्थानाच्या नोकरीत असताना गोंडी आणि कोलामी या आदिवासी भाषाही आत्मसात केल्या. एवढा व्यासंग केवळ हुद्द्याच्या गरजेतून घडत नाही, असे मला मनापासून वाटते.

२०२३ साली कुणबी नोंदींच्या शोधार्थ निजामकालीन दफ्तरे उघडली, तेव्हा काही तरुण उर्दू शिकावयास माझ्याकडे आले. त्यांना मी सांगितले, की दाखल्यासाठी अवश्य शिका, पण दाखला हाती पडण्यापूर्वीच या भाषेतले असे काही शोधून ठेवा, जे त्यानंतरही तुम्हांला बोलावील. कोणाला गझल, कोणाला कव्वाली, कोणाला आजोबांची पत्रे. मन विटले तर अभ्यासाचे तास वाढवू नका. शिकस्ता बाजूला सारून त्या आवडीच्या पानाकडे वळा. आणि बाजारात दखनी बोलणाऱ्या दुकानदारांशी मोडके का होईना, बोलत राहा. पुस्तकातला क़ाफ त्यांच्या तोंडी बहुधा ख होऊन येतो, हे तेथेच कानी पडेल.