कूलर जळाला, बिल कोणाचं? भाड्याच्या घरात काय करावे, काय टाळावे

जऊळका रेल्वे हे मालेगाव तालुक्यातलं, अकोला-पूर्णा लोहमार्गावरच्या स्टेशनाचं गाव. अशा गावात भाड्याने राहतात ते बहुधा बदलीवर आलेले लोक असतात. घरमालक खोल्यांसोबत पंखे देतो, कूलर देतो, कुठे गिझर, कुठे जुना फ्रिज. भाडं ठरतं, डिपॉझिट ठरतं, लाईट बिल कोणी भरायचं तेही ठरतं. वस्तू बंद पडली तर दुरुस्ती कोणाची, हे मात्र कोणी विचारत नाही. मग एप्रिलच्या दुपारी कूलर बंद पडतो आणि एका घरात राहणारी माणसं एकमेकांशी बोलेनाशी होतात.

मी एकच कसोटी लावतो. वस्तू ज्याची, तिचं म्हातारपण त्याचं. हयगय ज्याची, तिचा खर्च त्याचा. खालच्या बहुतेक सूचना यातूनच निघतात.

काय करावे

यादी करा, चालू करून बघा. चावी हातात घेण्याआधी घरमालकासमोर प्रत्येक वस्तू पाच मिनिटं चालवा. पंखा पाचावर फिरतो का, गिझर पाणी तापवतो का, फ्रिजचं दार नीट बसतं का. कंपनी, अंदाजे वय आणि आजची अवस्था कागदावर लिहा, फोटो काढा, दोघांनी सह्या करा. घर सोडताना हाच कागद कामाला येतो.

करारातलं दुरुस्तीचं वाक्य दोनदा वाचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा. ३१ मार्च २००० पासून तो लागू झाला. त्याच्या कलम १४ नुसार घर राहण्याजोगं ठेवणं ही घरमालकाची जबाबदारी, पण करारात उलट काही ठरलेलं नसेल तरच. टाईप करून मिळणाऱ्या तयार करारात बरेचदा ‘सर्व दुरुस्ती भाडेकरू स्वखर्चाने करील’ अशी ओळ असते. त्या एका ओळीवर सही केली की जळालेली मोटरही तुमची आणि गळका पाईपही तुमचा. ही ओळ खोडून घ्या, त्याजागी वस्तूवार लिहून घ्या.

वस्तूवार का, तेही सांगतो. या कायद्यात ‘जागा’ म्हणजे इमारत आणि तिच्या सोयीसाठी तिला जोडून बसवलेल्या गोष्टी. छताचा पंखा, भिंतीतला गिझर, वायरिंग, नळ हे त्यात बसतं. सुटा कूलर, फ्रिज, वॉशिंग मशीन यांच्याबद्दल वाद घालायला पुष्कळ जागा राहते. सुट्या वस्तूंचं संरक्षण तुमच्या करारातच हवं.

गावाला कोणता कायदा लागतो, ते विचारा. १९९९ चा कायदा त्याच्या अनुसूचींमध्ये दिलेल्या भागांनाच लागू आहे. आपलं गाव त्यात येतं का, हे वकिलाला विचारून घ्या. येत नसेल तर १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आहे. त्याचं कलम १०८ सांगतं की भाडेकरूने घर मिळालं तसं परत करावं, वापराने होणारी साहजिक झीज सोडून. घरमालकावर बंधनकारक असलेली दुरुस्ती त्याने कळवूनही केली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, हेही त्याच कलमात आहे. आणि ‘लीव्ह अँड लायसन्स’ केला असेल तर तुम्ही कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसून परवानाधारक असता. तिथे करारात जे लिहिलंय त्यालाच सगळं वजन.

कूलरचा हिशेब आधीच वाटून घ्या. आमच्या भागात सगळ्यात जास्त भांडणं याच वस्तूवरून होतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. दर उन्हाळ्याचं गवत किंवा जाळीचे पॅड वापरणाऱ्याने टाकावेत. पंखा नुसता गुणगुणतो आणि हाताने ढकलल्यावरच फिरतो, तेव्हा बहुधा कंडेन्सर गेलेला असतो. तो वयाने जातो, तेव्हा खर्च मालकाचा. बेअरिंगचा आवाज, जुनी वाइंडिंग, गंजून गळणारी पत्र्याची टाकी हेही मालकाचंच. टाकीतलं पाणी संपलं तरी पंप चालूच ठेवला आणि तो जळाला, तर भाडेकरूचा. मृगानंतर टाकीत पाणी तसंच ठेवून कूलर कोपऱ्यात ढकलला आणि तळ सडला, तोही भाडेकरूचा.

आर्थिंग तपासल्याशिवाय कूलर लावू नका. हे काम मालकाचं आहे आणि त्यात घासाघीस नको. कूलर पत्र्याचा, आत पाणी, भोवती ओली फरशी, भरणारं माणूस अनवाणी. वायरची साल कुठे घासून पत्र्याला लागली की अख्खं अंग करंट धरतं. बोर्डात तीन भोकं आहेत म्हणजे आर्थिंग आहे असं नाही. कित्येक घरांत वरच्या भोकाला मागून तारच जोडलेली नसते. वायरमनला बोलावून बोर्ड उघडून बघायला सांगा, घराच्या आर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी टाका, कारण जमीन वाळली की आर्थिंग कमजोर होतं. मालकाने मेन बोर्डात तीस मिलिअँपिअरचा ईएलसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) बसवावा. एमसीबी शॉर्टसर्किटला पडतो. माणसाला बसणाऱ्या करंटला तो पडेलच असं नाही. भाडेकरूने एवढं पाळावं: पाणी भरताना स्विच बंद करून पिन काढायची, मुलांना पाईप धरायला पाठवायचं नाही.

पाण्याच्या मोटरीचा नियम ठरवा. बोअरची सबमर्सिबल मोटर, केबल, स्टार्टर हे मालकाचं. कमी व्होल्टेजने वाइंडिंग गेली तरी मालकाचंच. दोन-तीन भाडेकरू एकच मोटर वापरत असतील तर चालू-बंद कोण करणार हे ठरवा, नाहीतर कोरडी चालून मोटर जळते आणि कोणीच कबूल होत नाही.

गिझर, आरओ, इन्व्हर्टर. बोअरचं पाणी जड असेल तर गिझरच्या एलिमेंटवर क्षार चढतात. ते साफ करणं आणि आरओचे फिल्टर भाडेकरूचे. टाकी फुटली किंवा थर्मोस्टॅट गेला तर मालकाचा. इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर टाकणं भाडेकरूचं, बॅटरी संपली की नवी मालकाने आणायची.

वॉरंटी कार्डाची झेरॉक्स भाडेकरूला द्या. मालक पुण्यात, कार्ड त्याच्या कपाटात आणि कंपनीचा माणूस दारात, असं नको.

तक्रार लेखी करा. व्हॉट्सॲपवर तारीख, फोटो, काय बिघडलं. १९९९ चा कायदा लागू असेल तर किमान पंधरा दिवसांची नोटीस द्या. तरीही दुरुस्ती झाली नाही तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून कापू शकतो. वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. मेकॅनिकचं बिल आणि बदललेला जुना पार्ट जपून ठेवा.

काय टाळावे

अकरा महिन्यांचा स्टॅम्प पेपर नोटरी केला की झालं, असं समजू नका. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. नोंदणी ही घरमालकाची जबाबदारी. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. मालकांनो, दुरुस्तीच्या वादात हे तुमच्यावरच उलटतं.

नोटीस न देता भाडं थांबवू नका. दुरुस्तीचा मुद्दा बाजूला पडतो आणि थकबाकीदार म्हणून तुमचंच नाव पुढे येतं.

मालकाच्या वस्तूत परस्पर बदल नको. जुन्या मोटरीच्या जागी दुसरी बसवली, फ्रिजचा स्टॅबिलायझर काढून थेट जोडला, पंधरा अँपिअरच्या वस्तूला पाच अँपिअरच्या बोर्डातून वायर ओढली, तर पुढचं नुकसान तुमच्या अंगावर. स्वतःचा एसी लावायचा असेल तर मीटरचा मंजूर भार आणि वायरिंग आधी मालकाला विचारा. एसी जाताना नेणार, आणि भिंतीचं भोक बुजवून देणार, हेही लिहा.

भांडण झालं म्हणून लाईट-पाणी तोडू नका. वीज, पाणी, जिन्यातला दिवा, संडासची सोय या अत्यावश्यक गोष्टी आहेत. १९९९ च्या कायद्याचं कलम २९ मालकाला त्या सबळ कारणाशिवाय तोडू देत नाही. पंचेचाळीसच्या उन्हात लेकराबाळांच्या घराची वीज काढणं हे कायद्याआधी माणुसकीलाच धरून नाही.

दिल्लीच्या कायद्याचा हवाला देऊ नका. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडेकरू कायद्याला मंजुरी दिली. त्याच्या परिशिष्टात वायरिंग, पाईप बदलणं, रंगकाम घरमालकाकडे आणि गिझर, स्विच, सॉकेट, नळाचे वायसर भाडेकरूकडे अशी वाटणी आहे. तो नमुना आहे. राज्याने स्वीकारला तरच तिथे लागू होतो, आणि महाराष्ट्र आपल्या १९९९ च्या कायद्यावर चालतो. करार लिहिताना मात्र ती यादी समोर ठेवायला हरकत नाही. माझ्या मते गिझरची सगळी दुरुस्ती भाडेकरूवर टाकणं बरोबर नाही. दहा वर्षं जुना गिझर दोन महिन्यांपूर्वी आलेल्या माणसाने का बदलावा?

‘आपलाच समजा, वापरा’ यावर विसंबू नका. घरमालकीण काकू हे मनापासून म्हणतात. पण काकूंचा मुलगा शहरातून येऊन हिशेब मागतो तेव्हा तो शब्द कोणाला आठवत नाही. चांगले संबंध असतानाच लिहून घेणं सोपं जातं.

झिजेचे पैसे डिपॉझिटमधून कापू नका. तीन उन्हाळे चाललेला कूलर नव्यासारखा परत मिळणार नाही. मोडलंय काय, कोणाच्या हयगयीने, आणि दुरुस्तीचं बिल किती, हे तिन्ही दाखवता येत असेल तरच कापा. बाकीचं डिपॉझिट भाडेकरूचं सामान टेम्पोत चढायच्या आत त्याच्या हातात द्या.