बांधावर एक फेरी

वाचकहो, मागच्या धड्यात आपण अर्ज कसा लिहावा ते शिकलो. आज आपण गावाच्या तलावाच्या बांधावर जाऊ. वही आणि पेन्सिल बरोबर घ्या. एक बादलीही घ्या. ती कशाला, ते पुढे येईल.

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला नाल्यावर मातीचा एक लहान बांध आहे. उंची सात-आठ मीटर. १९७२ चा दुष्काळ पडला, तेव्हा लोकांच्या हाताला काम मिळावे म्हणून महाराष्ट्रात असे पाझर तलाव गावोगावी झाले. आमच्या आईने या बांधावर घमेली वाहिली आहेत. तलावाने विहिरींना पाणी दिले, आणि दुसरेही एक काम केले. पूर्वी डोंगरावर जोराचा पाऊस झाला की नाल्याचा लोंढा थेट खालच्या वाडीत शिरायचा. आता तो आधी तलावात येतो, तिथे दम खातो, आणि सांडव्यावरून सावकाश निघतो.

पण असा बांध फुटला तर? लोक म्हणतात, एवढंसं तळं, त्याने काय होणार! रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूण तालुक्यात तिवरे येथे मातीचेच एक धरण होते. २ जुलै २०१९ च्या रात्री ते फुटले. खालच्या भेंदवाडीतली घरे वाहून गेली, वीसच्या आसपास माणसे गेली. धरण गळते, अशी गावकऱ्यांची तक्रार आधीपासून होती. पुढे राज्याच्या एका मंत्र्यांनी सांगितले, की खेकड्यांनी धरण पोखरले. लोक हसले, चिडलेही. आम्हाला विचाराल तर खेकडा बिळे करतो हे खरेच आहे. पण बिळे बुजवणे हे काही खेकड्याचे काम नव्हे.

मातीचा बांध मुख्यतः दोन वाटांनी फुटतो. एक वाट वरून, एक आतून.

वरची वाट अशी. मातीच्या बांधाच्या माथ्यावरून पाणी कधीही वाहता कामा नये. दगडी भिंतीवरून वाहिले तर भिंत काही वेळ तग धरील. माती मात्र धुपत जाते, आणि एकदा चर पडला की तो बघता बघता रुंद होतो. म्हणून बाजूला सांडवा ठेवलेला असतो. त्याची पातळी बांधाच्या माथ्यापेक्षा बरीच खाली असते. जादा पाणी तिथूनच जायचे.

इथे आम्हाला आमची एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांमागे गावातल्या बागायतदारांनी सांडव्यावर वाळूची पोती रचली. हेतू हा, की तलावात हातभर पाणी जास्त साठेल आणि उन्हाळ्यात ऊस तगेल. आम्हाला विचारले, तेव्हा आम्हीही मान हलवली. आमचीही तिथे पाऊण एकर जमीन आहे. त्या श्रावणात एका रात्री पाणी बांधाच्या माथ्याला टेकायला चार बोटे उरली. खालच्या वाडीतली माणसे पोरेबाळे घेऊन देवळात येऊन बसली. एका म्हाताऱ्या आजीने आम्हाला एवढेच विचारले, “गुरुजी, पोती कुणी ठेवली?” आम्ही उत्तर दिले नाही. पहाटे पाऊस ओसरला. सकाळी पोती काढली, ती पुन्हा लावली नाहीत. सांडव्यात वाढलेली झुडपे, साठलेला गाळ, आडवे पडलेले झाड, ही सगळी पोत्यांचीच भावंडे. पावसाळ्याआधी सांडवा साफ हवा.

आता आतली वाट. कुठलाही मातीचा बांध थोडा पाझरतोच. पायथ्याशी ओल दिसली म्हणून घाबरू नका. पाणी ओंजळीत घेऊन बघा. स्वच्छ असेल तर लक्ष ठेवा. गढूळ असेल तर जागे व्हा, कारण गढूळ पाणी बांधाच्या पोटातली माती घेऊन बाहेर येत असते. आत नळीसारखी पोकळी होते. ती मागे मागे तलावाकडे वाढत जाते, आणि एक दिवस वरचा भराव खाली बसतो.

अशा वेळी लोक धावत जाऊन गळतीच्या तोंडावर चिकण माती थापतात. तसे करू नका. कोंडलेले पाणी दुसरीकडे तोंड काढते. आधी वाळू, तिच्यावर बारीक खडी, तिच्यावर मोठे दगड, असे थर द्यावे. म्हणजे पाणी बाहेर येते, माती आत राहते. पण हे झाले तात्पुरते. त्याआधीच खालच्या वाडीला उठवायचे आणि कचेरीला कळवायचे.

माथ्यावरून चालताना भेगा बघा. बांधाच्या लांबीला आडवी, म्हणजे तलावाकडून पायथ्याकडे जाणारी भेग जास्त वाईट, कारण तिच्यातून पाण्याला सरळ रस्ता मिळतो. घुशींची बिळे बघा. बांधावर वाढलेले झाड सावली देते खरे, पण ते मेले की कुजलेल्या मुळांच्या जागी पाण्याला वाट होते. रोप लहान असतानाच उपटावे.

२०२१ साली धरण सुरक्षेचा कायदा झाला. तो १५ मीटरपेक्षा उंच धरणांना आणि १० ते १५ मीटरमधल्या काही धरणांना लागतो. आमचा बांध त्यात बसत नाही. म्हणून आम्ही आपली वही घातली.

आता बादली. पायथ्याच्या पाझराला एक लहान पन्हळ लावा, खाली बादली ठेवा, आणि ती किती वेळात भरते ते मोजा. तारीख, तलावाची पातळी, लागलेला वेळ आणि पाण्याचा रंग वहीत लिहा. पातळी लिहायची ती यासाठी, की तलाव भरला की पाझर थोडा वाढतोच. पातळी तीच असून पाझर वाढला, तर मात्र गोष्ट वेगळी.

आमच्या साक्षरता वर्गातल्या एका ताईंनी, त्या नाव लिहायला शिकून वर्षही झाले नव्हते, गेल्या पावसाळ्यात वहीत लिहिले : “पाणी पातळी तीच. आधीच्या शनिवारी बादली ६० सेकंदांत. आज ४५ सेकंदांत. रंग स्वच्छ.” त्याच पानाची नक्कल करून आम्ही अर्जाला जोडली. अर्ज कचेरीत दिला, पोच घेतली. पोच वहीला टाचून ठेवली आहे. पाहणीला अजून कुणी आलेले नाही. दर शनिवारी बादली लावतो.