जुन्या इंजिनाची किंमत कशी ठरवावी?

आपल्या भंडारा जिल्ह्यात धानाचे पोते वरून पाहून कोणी घेत नाही. आत हात घालतो, दाणा दाताखाली धरून पाहतो. जुने इंजिन घेताना मात्र भलेभले मेस्त्री बाहेरचा ताजा रंग पाहून बयाणा देऊन बसतात. एक चूक झाली की गॅरेजची कित्येक महिन्यांची कमाई जाते.

अमेरिकेत 1960 च्या दशकातील दणकट 'मसल कार' शौकीन लोक जपतात. आपल्याकडे तो मान कॉन्टेसाला मिळतो. हिंदुस्थान मोटर्सने ही गाडी 1984 ते 2002 या काळात बनविली. गाडी बंद झाली, म्हणून तिच्या चांगल्या इंजिनाला गिऱ्हाईक आहे आणि फसगतही आहे.

1) ओळख : सुरुवातीच्या कॉन्टेसात अॅम्बेसेडरचेच 1489 सीसीचे इंजिन होते. नंतर इसुझुचे 1.8 लिटरचे पेट्रोल इंजिन आले. मागणी याला अधिक. पण हे इंजिन अॅम्बेसेडरमध्येही बसविले जात असे. म्हणून ब्लॉकवरचा नंबर आरसी बुकाशी ताडून पाहा. नंबर घासलेला दिसला तर फुकटातही घेऊ नका. गाडीचे इंजिन बदलल्यास मोटार वाहन कायदा 1988 प्रमाणे परिवहन कार्यालयात नोंद करावी लागते, हेही गिऱ्हाइकाला सांगा.

2) चालू इंजिन : निळा धूर म्हणजे ऑइल जळते. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर आत पाणी शिरते. ऑइल दुधाळ झाले असेल तर हेड गॅस्केट किंवा हेडची शंका घ्यावी. सर्व प्लग काढून, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून कॉम्प्रेशन मोजा. चारही सिलिंडरमध्ये दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त फरक नसावा. कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाका. आकडा वाढला तर रिंग-बोअर झिजले. न वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

3) पडून असलेले इंजिन : पुलीच्या नटावर पाना लावून क्रँक फिरवा. फिरत नसेल तर ते इंजिन नव्हे, सुटे भाग समजून भाव करा. हेड उघडू दिले तर पिस्टनवरचा ओव्हरसाइजचा आकडा वाचा. बोअर आधीच 40 किंवा 60 पर्यंत गेला असेल तर पुढे स्लीव्हचा खर्च धरावा लागेल. क्रँक किती वेळा घासला, तेही लेथवाल्याकडून मोजून घ्या.

आता हिशेब. समजा, तशाच बांधलेल्या इंजिनाला 60,000 रुपये मिळतात. बांधणीस 35,000, वाहतूक व कागदपत्रांस 3,000 आणि न दिसलेल्या दोषासाठी 7,000 धरा. उरले 15,000. याहून एक रुपया जास्त देऊ नये. भंगाराच्या वजनाचा भाव ही खालची मर्यादा.

विकताना हीच तपासणी कागदावर लिहून गिऱ्हाइकाच्या हाती द्या. ऐब सांगितल्याने भाव थोडा उतरेल. पण लपविलेला ऐब महिन्याभरात गॅरेजच्या दारात परत येतो, आणि सोबत चार गिऱ्हाइके घेऊन जातो.