जी६पीडी कमी असताना ‘क’ जीवनसत्त्व

प्रश्न : माझ्या मुलाच्या रक्तात जी६पीडी हे विकर कमी आहे. त्याला ‘क’ जीवनसत्त्व चालेल का?

उत्तर : आवळा, पेरू, लिंबू निर्धास्त द्या. तांबड्या पेशीत केंद्रक नसते, मायटोकॉन्ड्रियाही नसतात. त्यामुळे ऑक्सिडीकरणापासून बचावासाठी लागणारे एनएडीपीएच तिला या विकराच्याच वाटेने मिळते; त्यावरच पेशीचे रक्षण करणारे ग्लुटाथायोन पुन्हा कामाला लागते. शिरेतून ‘क’ जीवनसत्त्वाचे मोठे डोस दिले, की हायड्रोजन पेरॉक्साइड वाढते आणि हे विकर कमी असलेल्या पेशी फुटतात. ती इंजेक्शने नकोतच. गोळ्याही डॉक्टरांना विचारूनच. मला खरी काळजी वाटते ती हिवतापावरच्या प्रायमाक्विनची आणि कपाटातल्या नॅप्थलीनच्या डांबरगोळ्यांची. त्या आजच घराबाहेर काढा. लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.