भिंतीवरचं बटण लगेच बंद करू नकोस

अगं, आई सांगत होती, तुझी इंडक्शन शेगडी पाच-सात मिनिटं नीट चालते आणि मग टूं टूं करून बंद पडते. नवी घ्यायचंही ठरत आलंय म्हणे. इतक्यात पैसे घालू नका गं. आधी तिचा पंखा बघ.

इंडक्शनला आग नाही म्हणून ती आतून गारच राहत असेल, असं आपण धरून चालतो. पण तापलेल्या भांड्याची धग काचेतून खाली उतरते, आतलं तांब्याचं वेटोळं तापतं आणि वेटोळ्याला वीज पुरवणारे भाग तर त्याहून नाजूक. त्यांना वारा घालायला पोटात तळहाताएवढा पंखा असतो. तो खालच्या जाळीतून हवा ओढतो आणि मागच्या किंवा बाजूच्या फटीतून गरम हवा बाहेर टाकतो. तो अडला, की आतला सेन्सर शेगडी बंद करतो. म्हणजे ती बिघडून नाही, जपून बंद पडतेय.

पातेलंभर पाणी ठेवून शेगडी सुरू कर आणि हवा बाहेर पडते त्या फटीशी पातळ कागदाची पट्टी धर. पट्टी फडफडली तर पंखा फिरतोय. जोर नसला, तर वाट कुठेतरी तुंबलीय असं समज. पट्टी हललीच नाही आणि आवाजही नाही, तर पंखा अडकलाय किंवा गेलाय. घरघर येत असेल तर बेअरिंग झिजलंय, नाहीतर एखादी वायर पात्याला लागतेय. सुरू केल्या केल्या लगेच बंद होत असेल तर मात्र भांडं किंवा व्होल्टेज तपास. पडद्यावर येणाऱ्या आकड्याचा अर्थ तुझ्याच शेगडीच्या पुस्तिकेत बघ. कंपनीगणिक तो बदलतो, शेजारच्या काकूंच्या शेगडीचा अर्थ तुझ्या कामाचा नाही.

आता तुला एक विचारू? स्वयंपाक झाल्यावर तू भिंतीवरचं बटण लगेच बंद करतेस ना? मला खात्री आहे. गॅस झाला की रेग्युलेटर बंद, हे आईने आपल्या हाडात मुरवलंय. गॅसला ते अगदी बरोबर. पण इंडक्शन बंद केल्यावरही पंखा थोडा वेळ फिरत राहतो, आत साठलेली उष्णता बाहेर काढतो. बटण बंद केलंस की तोही थांबतो आणि सगळी धग आतच कोंडते. रोज दोन वेळा असं झालं की आतले भाग लवकर थकतात. म्हणून आधी शेगडीवरचं बटण दाब, पंख्याचा आवाज थांबू दे, मग भिंतीवरचं.

दुसरं म्हणजे शेगडीखाली घातलेला तो फुलाफुलांचा प्लॅस्टिकचा कागद. आजच काढ. पंखा हवा ओढतो तसा कागद वर जाळीला चिकटतो आणि श्वासच बंद होतो. शेगडी भिंतीपासूनही चार बोटं पुढे घे. गंगापुरीतल्या तुमच्या त्या जुन्या वाड्यात भिंतीची माती झरते, त्यात उन्हाळ्यात घरी हळद-तिखट कुटणं. ती बारीक भुकटी फोडणीच्या वाफेबरोबर आत जाते. पात्यांच्या कडेला बोटाने खरवडावी लागेल अशी करडी, चिकट लुकण बसते. झुरळांनाही ती ऊब फार आवडते.

साफ करताना प्लग काढ, शेगडी पूर्ण गार होऊ दे. मग ती उलटी करून कोरड्या ब्रशने जाळी झाड. ओलं फडकं नको. शिवणयंत्राचं तेल तर मुळीच सोडू नकोस, त्यावर धूळ आणखी चिकटते. इतकं बाहेरून कर आणि थांब. स्क्रू काढायचे नाहीत, बाई. घरातली 230 व्होल्टची वीज आत सुमारे 325 व्होल्टपर्यंत चढते आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये काही वेळ साठून राहू शकते. हा माझा हट्टच समज.

पंखा गेलाच असेल, तर बाजारातल्या जाणत्या दुरुस्तीवाल्याकडे दे. वॉरंटी असेल तर मात्र आधी कंपनीच्या केंद्रावर, बाहेर उघडली की ती जाते. हे पंखे कुठे 12 व्होल्टचे असतात, कुठे 18 चे. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. जुन्याच्या चिठ्ठीवरचा आकडा आणि नव्यावरचा आकडा तुझ्यासमोर ताडून बघायला सांग, आणि जुना पंखा परत मागून घे. शेगडी घरी नेण्याआधी तिथेच पाणी उकळून, कागदाची पट्टी धरून बघ. बंद केल्यावर पंखा फिरतो का, तेही.

कृष्णा नदीच्या, आपल्या कृष्णाबाईच्या उत्सवात तुमच्याकडे पानं वाढायची असतात. तोवर शेगडी नीट झाली नाही तर तिच्यावर मोठं पातेलं चढवू नकोस, गॅसच वापर. आणि कागदाची पट्टी फडफडली की नाही, ते मला आज रात्रीच कळव.