समाजकार्य व सार्वजनिक आरोग्य संशोधन : अर्थसहाय्य आणि प्रसिद्धीच्या संधी

जनतेचे पोषणमान उंचावणे आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे भारतीय राज्यघटनेच्या ४७ व्या कलमाने शासनाचे प्राथमिक कर्तव्य मानले आहे. हे कर्तव्य पार पाडण्यासाठी निधी व मनुष्यबळ जितके आवश्यक आहे, तितकेच विश्वासार्ह ज्ञानही आवश्यक आहे. कोणत्या वस्तीत कोणते आजार आहेत, लोक दवाखान्यापर्यंत का पोहोचत नाहीत, एखादी योजना काही गावांत यशस्वी होते आणि शेजारच्या गावांत का होत नाही, या प्रश्नांची उत्तरे समाजकार्य आणि सार्वजनिक आरोग्य या दोन विद्याशाखा एकत्र आल्यावरच मिळतात. अशा संशोधनाला अर्थसहाय्य कोठून मिळते आणि त्याचे निष्कर्ष कोठे प्रसिद्ध करावेत, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे. स्पर्धा परीक्षा, ‘नेट’ अथवा पीएच.डी. प्रवेश परीक्षा देणाऱ्या विद्यार्थ्यांना तो उपयुक्त ठरावा.

गावातील प्रश्नापासून राष्ट्रीय धोरणापर्यंत

संशोधनाचे मोल केवळ मिळालेल्या अनुदानावरून किंवा प्रसिद्ध झालेल्या निबंधांच्या संख्येवरून ठरत नाही. पुढील दोन उदाहरणांवरून ही बाब स्पष्ट होते.

डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ या संस्थेची स्थापना केली. दोन गावांतील ६५० स्त्रियांच्या तपासणीवर आधारित त्यांचा निबंध १९८९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या शोधपत्रिकेत प्रसिद्ध झाला. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग असल्याचे त्यातून दिसून आले. तोपर्यंत ग्रामीण स्त्रीच्या आरोग्याचा विचार मुख्यतः प्रसूती व कुटुंबनियोजनापुरताच होत असे. पुढे याच संस्थेने गावातील प्रशिक्षित स्त्रियांमार्फत नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग ३९ गावांत केला आणि तुलनेसाठी ४७ गावे निवडली. तिसऱ्या वर्षी प्रयोगाच्या गावांतील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९९ मध्ये त्याच शोधपत्रिकेत मांडण्यात आले. २०११ मध्ये केंद्र शासनाने ‘आशा’ कार्यकर्तींमार्फत गृहाधारित नवजात बालक सेवा देशभर लागू केली. त्यानुसार प्रसूती रुग्णालयात झाल्यास सहा व घरी झाल्यास सात गृहभेटी देणे अपेक्षित आहे.

दुसरे उदाहरण झारखंड व ओडिशातील आहे. ‘एकजुट’ या संस्थेने आदिवासीबहुल जिल्ह्यांत महिला गटांच्या मासिक बैठका घेतल्या. या बैठकांत औषधे वाटली जात नव्हती. स्त्रिया आपल्या गावातील माता व बालकांच्या मृत्यूंची कारणे स्वतः शोधत आणि त्यावरील उपाय एकत्रितपणे ठरवत. गटसंघटन हे समाजकार्याचे मूळ तंत्र येथे आरोग्याच्या कामी आले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन वर्षांत तेथील नवजात मृत्युदर तुलनेच्या भागापेक्षा ३२ टक्क्यांनी कमी आढळला. लोकसहभागातून शिक्षण व कृतीची ही पद्धत पुढे राष्ट्रीय आरोग्य अभियानाने स्वीकारली.

या दोन्ही उदाहरणांत प्रश्न लोकांमधून आला, त्याची तपासणी शास्त्रीय पद्धतीने झाली, निष्कर्ष विश्वासार्ह शोधपत्रिकेत आले आणि त्यानंतर शासनाने त्यांची दखल घेतली. या साखळीतील एक कडी निखळली तरी संशोधन कपाटात पडून राहते.

अर्थसहाय्याचे प्रमुख स्रोत

भारतीय सामाजिक शास्त्र संशोधन परिषद : १९६९ मध्ये स्थापन झालेली ही परिषद शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ हे तिचे पहिले अध्यक्ष होते. संशोधन प्रकल्पांना अनुदान, तसेच पीएच.डी., पीएच.डी.-पश्चात व ज्येष्ठ संशोधकांसाठी अधिछात्रवृत्ती परिषदेमार्फत दिल्या जातात. समाजकार्य व आरोग्य अभ्यास यांचा समावेश संलग्न विषयांत होतो. परिषदेच्या सहा विभागीय केंद्रांपैकी पश्चिम विभागाचे केंद्र मुंबईत आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद : १९११ मधील ‘इंडियन रिसर्च फंड असोसिएशन’ला १९४९ मध्ये हे नाव मिळाले. ही परिषद आता २००७ मध्ये निर्माण झालेल्या आरोग्य संशोधन विभागाशी संलग्न आहे. परिषद बाह्य संशोधकांचे प्रस्ताव मागवून अनुदान देते. वैद्यकीय पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी तिची अल्पकालीन विद्यार्थिवृत्ती योजना १९७९ पासून चालत आली आहे. अंमलबजावणीतील अडचणी आणि आरोग्यसेवेचे सामाजिक घटक हे विषय केवळ वैद्यकीय तज्ज्ञांचे नसल्यामुळे समाजकार्याच्या अभ्यासकांना अशा प्रकल्पांत सहसंशोधक म्हणून सहभागी होता येते.

विद्यापीठ अनुदान आयोग : ‘नेट’ परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीस पात्र ठरणाऱ्या विद्यार्थ्यांना जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि वरिष्ठ टप्प्यावर ४२,००० रुपये असा सुधारित दर लागू झाला. समाजकार्य हा या परीक्षेतील स्वतंत्र विषय आहे.

अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान : २०२३ च्या अधिनियमाने हे प्रतिष्ठान स्थापन झाले आणि विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ त्यात विलीन झाले. २०२३ ते २०२८ या काळासाठी ५०,००० कोटी रुपयांचा अंदाज मांडण्यात आला. त्यातील मोठा वाटा शासनाबाहेरील स्रोतांतून उभारावयाचा आहे. आरोग्याबरोबरच, विज्ञान व तंत्रज्ञानाशी जेथे संबंध येतो तेवढ्यापुरती मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रेही त्याच्या कक्षेत येतात.

उद्योगांचे सामाजिक दायित्व : कंपनी अधिनियम, २०१३ च्या १३५ व्या कलमानुसार पात्र कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करणे आवश्यक आहे. २०२१ च्या सुधारित नियमांनुसार, ज्यांचे असे सरासरी दायित्व दहा कोटी रुपये वा अधिक आहे, त्या कंपन्यांना एक कोटी रुपये व त्यापुढील प्रकल्पांचे परिणाम मूल्यमापन स्वतंत्र संस्थेकडून करून घ्यावे लागते. समाजकार्याच्या अभ्यासकांसाठी हे नवे कार्यक्षेत्र आहे.

परदेशी निधी : परदेशी अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० नुसार नोंदणी अथवा पूर्वपरवानगी घेतल्याशिवाय संस्थेला परदेशी निधी स्वीकारता येत नाही. २०२० च्या दुरुस्तीने असा निधी दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करण्यास मनाई केली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली. त्यामुळे मोठ्या संस्थेने निधी मिळवून लहान संस्थांना वाटून देण्याची जुनी पद्धत आता शक्य नाही.

निधीविना संशोधन : प्रत्येक अभ्यासाला अनुदान लागतेच असे नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची १९९२-९३ पासूनची आणि राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या आरोग्यविषयक फेऱ्यांची माहिती अभ्यासकांना उपलब्ध आहे. नवोदित विद्यार्थ्याने तिच्या विश्लेषणापासून सुरुवात करणे श्रेयस्कर ठरते.

प्रस्ताव आणि नैतिक जबाबदारी

चांगल्या प्रस्तावात एकच नेमका प्रश्न, आजवरच्या अभ्यासाचा आढावा, नमुना निवडीची पद्धत, कालक्रम आणि वास्तववादी अंदाजपत्रक असावे. बहुतेक प्रस्ताव फार व्यापक विषयामुळे दुबळे ठरतात. ‘ग्रामीण आरोग्याच्या समस्या’ हा विषय झाला. ‘हंगामी स्थलांतर करणाऱ्या ऊसतोड कुटुंबांतील बालकांचे लसीकरण कोणत्या टप्प्यावर खंडित होते’ हा संशोधनाचा प्रश्न झाला.

मानवी सहभाग असलेल्या संशोधनासाठी वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वे लागू होतात. माहिती गोळा करण्यापूर्वी नैतिकता समितीची मान्यता घेणे आणि सहभागी व्यक्तीला तिच्या भाषेत सर्व समजावून तिची संमती घेणे ही त्यांतील मूलभूत अट आहे. मान्यता नसल्यास पुढे शोधपत्रिकाही निबंध नाकारतात. उपचारांच्या चाचण्यांची नोंद २००७ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’मध्ये करावयाची असते.

प्रसिद्धी : कोठे आणि कशी

टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे ‘इंडियन जर्नल ऑफ सोशल वर्क’ १९४० पासून, तर ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’ १९१३ पासून प्रसिद्ध होत आहे. ‘इंडियन जर्नल ऑफ पब्लिक हेल्थ’, ‘इंडियन जर्नल ऑफ कम्युनिटी मेडिसिन’, ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’ आणि ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ ही अन्य महत्त्वाची नियतकालिके होत.

याच क्षेत्रात फसवणुकीचा धोकाही मोठा आहे. शुल्क घेऊन, तज्ज्ञांकडून परीक्षण न करताच निबंध छापणाऱ्या बनावट शोधपत्रिकांचा सुळसुळाट झाला आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील प्रा. भूषण पटवर्धन व सहकाऱ्यांच्या २०१८ मधील विश्लेषणात, आयोगाच्या यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने आलेल्या व तपासलेल्या शोधपत्रिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असू शकतात, असे आढळले. त्याच वर्षी आयोगाने ४,३०५ शोधपत्रिका यादीतून वगळल्या. त्यानंतर आलेली ‘यूजीसी-केअर’ यादीही २०२५ मध्ये बंद करण्यात आली. शोधपत्रिकेच्या निवडीची जबाबदारी आता संस्था व संशोधक यांच्यावर आहे. संपादक मंडळ खरे आहे काय, परीक्षणाची पद्धत जाहीर आहे काय, शुल्क आधी सांगितले जाते काय आणि काही दिवसांतच स्वीकृतीची हमी दिली जाते काय, हे चार प्रश्न विद्यार्थ्याने स्वतःला विचारावेत. २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीने प्रबंध सादर करण्यापूर्वी निबंध प्रसिद्ध करण्याची सक्ती काढून टाकली असल्याने घाईने कोठेही छापण्याचे कारणही उरलेले नाही.

वाचनाची सोय मात्र वाढली आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेद्वारे २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद असून, शासकीय उच्च शिक्षण संस्थांना सुमारे १३,००० आंतरराष्ट्रीय शोधपत्रिका उपलब्ध होत आहेत. देशभरातील प्रबंध ‘शोधगंगा’ भांडारात पाहता येतात.

समारोप

एखादी माता आपल्या मृत बालकाची हकीगत संशोधकाला सांगते, तेव्हा ती आपल्या दुःखाचा काही भाग ज्ञानासाठी देत असते. ती माहिती अप्रसिद्ध राहिली किंवा बनावट शोधपत्रिकेत हरवली, तर केवळ संशोधकाचे नुकसान होत नाही, त्या मातेच्या विश्वासाचाही भंग होतो. म्हणून इंग्रजी निबंधाबरोबरच निष्कर्षांचा सारांश लोकभाषेत ग्रामसभेपुढे व आरोग्य केंद्रापुढे मांडणे हा संशोधनाचाच भाग मानला पाहिजे. अर्थसहाय्य आणि प्रसिद्धी ही साधने आहेत. लोकांच्या जीवनात बदल घडविणे हे त्यांचे साध्य आहे.

सरावासाठी प्रश्न

१. सामाजिक शास्त्र संशोधन परिषद व वैद्यकीय संशोधन परिषद यांच्या कार्यक्षेत्रांची तुलना करा.
२. ‘लोकसहभागावर आधारित संशोधन हे आरोग्यधोरणाचा पाया ठरू शकते.’ उदाहरणांसह चर्चा करा.
३. बनावट शोधपत्रिकांची लक्षणे सांगून त्यांना आळा घालण्याचे उपाय सुचवा.